लहान मुलांचा मेंदूचा एमआरआय आणि भूल : पालकांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलाला फिट येते, डोक्याचा घेर वाढतोय, बोलणं मागे पडलंय, चालताना तोल जातो. अशा कुठल्या तरी कारणाने डॉक्टर मेंदूचा एमआरआय सांगतात आणि चिठ्ठीवर शेवटी लिहितात, ‘भूल देऊन’. त्या दोन शब्दांनी आई-वडिलांची झोप उडते. मी लहान मुलांना भूल देण्याचं काम करते. ओपीडीत, फोनवर आणि अगदी स्कॅनच्या दाराशी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. तुमच्या मुलाचा निर्णय मात्र त्याला प्रत्यक्ष तपासणाऱ्या भूलतज्ज्ञांनीच घ्यायचा.

एमआरआय दुखत नाही म्हणतात. मग भूल कशासाठी?

हलू नये म्हणून. मेंदूच्या एमआरआयला साधारण अर्धा ते पाऊण तास लागतो. मूल एका अरुंद बोगद्यात निजलेलं असतं, डोक्याभोवती जाळीसारखी चौकट बसवलेली असते आणि यंत्राची धडधड शंभर डेसिबलच्याही वर जाते. प्रतिमांचा एकेक संच घ्यायला काही मिनिटं लागतात. तेवढ्यात मुलाने मान वळवली की तो संच पुसट येतो आणि पुन्हा घ्यावा लागतो. फिटचं कारण शोधताना डॉक्टर कधी कधी मेंदूच्या सालीतला काही मिलिमीटरचा दोष हुडकत असतात. पुसट चित्रात तो दिसतच नाही. मग ‘नॉर्मल’ असा रिपोर्ट हातात पडतो आणि वर्षभर मूल चुकीच्या वाटेने फिरत राहतं. अर्धवट झोपेत, हलत-डुलत केलेला स्कॅन मला म्हणूनच पटत नाही.

सीटी स्कॅनला भूल लागत नाही असं शेजारच्यांनी सांगितलं. तोच करून घेतला तर?

सीटी काही सेकंदांत होतो, त्यामुळे त्याला भूल क्वचितच लागते हे खरं आहे. डोक्याला मार लागला असेल, रक्तस्राव झाल्याची शंका असेल, तर सीटीच आधी करतात. पण त्यात क्ष-किरण असतात आणि मेंदूतले बारकावे एमआरआयइतके दिसत नाहीत. केवळ भूल टाळायची म्हणून सीटीचा आग्रह धरू नका. बहुतेक वेळा नंतर एमआरआय करावाच लागतो.

बाळ दोन महिन्यांचं आहे. त्यालाही भूल द्यावी लागेल?

बऱ्याचदा नाही. तीन-चार महिन्यांपर्यंतच्या बाळांना पोटभर पाजून, दुपट्यात घट्ट गुंडाळून, कानांवर आवाज अडवणारी गादी लावून झोपेतच स्कॅन करता येतो. त्यासाठी केंद्राकडे संयम हवा. बाळ झोपेपर्यंत थांबावं लागतं, मध्येच उठलं तर पुन्हा पाजून निजवावं लागतं. पाजण्याची वेळ स्कॅनच्या वेळेशी जुळवता येईल का, हे अपॉइंटमेंट घेतानाच विचारा.

बाळ दिवस भरण्याआधीच जन्मलेलं असेल आणि भूल द्यावीच लागणार असेल, तर हे ठळकपणे सांगा. अशी बाळं भुलीनंतर मध्येच श्वास घ्यायची थांबू शकतात, म्हणून त्यांना एक रात्र देखरेखीखाली ठेवावं लागू शकतं.

आमचा मुलगा सात वर्षांचा आहे, समजूतदार आहे. तो भुलीशिवाय झोपून राहील का?

पुष्कळ मुलं राहतात, फक्त तयारी हवी. आठवडाभर आधीपासून घरी सराव करा. टेबलाखाली चादर लावून बोगदा करा, मोबाईलवर एमआरआयचे आवाज ऐकवा आणि ‘पुतळा’ खेळा. आधी दोन मिनिटं, मग पाच, मग दहा. आवाज कधी ठोकल्यासारखा तर कधी भोंग्यासारखा येईल, हे खरं खरं सांगा. ‘काही होणार नाही, फोटो काढायचाय’ एवढंच सांगून नेलेलं मूल पहिल्याच आवाजाला घाबरून बाहेर येतं आणि मग पुढच्या वेळी दाराशीसुद्धा थांबत नाही.

स्वमग्न किंवा अतिचंचल मुलांचं गणित वेगळं असतं. नवी जागा, पांढरे कोट, हातावरची चिकटपट्टी यांनीच ती हैराण होतात. अशा मुलाला सकाळची पहिली वेळ मागून घ्या, त्याचं लाडकं पांघरूण बरोबर ठेवा आणि त्याला काय सहन होत नाही ते कागदावर लिहून आणा. भूल द्यायचं ठरलं तर त्यात पालकांचा काही पराभव नाही.

मेंदूत पाणी साठल्यामुळे शंट (ते पाणी वाहून नेणारी नळी) बसवलेल्या मुलांसाठी एक गोष्ट आवर्जून विचारा. फक्त मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्यांचा आकार बघायचा असेल, तर काही मिनिटांत होणारा झटपट एमआरआय असतो. त्याला बहुतेकदा भूल लागत नाही. या मुलांना आयुष्यात अनेकदा स्कॅन करावे लागतात, तेव्हा दर वेळी वाचलेली भूल मोलाची आहे.

गुंगी आणि भूल यांत नेमका फरक काय? गुंगी जास्त सुरक्षित ना?

हलक्या गुंगीत मूल पेंगतं, पण हाक मारली की डोळे उघडतं. खोल गुंगीत हाकेला उठत नाही, चिमटा काढला तर हात ओढून घेतं. पूर्ण भुलीत त्यालाही प्रतिसाद नसतो, आणि श्वासाला आमची मदत लागू शकते. या पायऱ्यांमध्ये भिंत नाही. हलक्या गुंगीसाठी दिलेल्या डोसाने एखादं मूल खोल गुंगीत उतरतं, तर दुसरं टक्क जागं राहतं. आधीपासून कोणतं मूल कुठे जाईल हे सांगता येत नाही.

म्हणून ‘फक्त गुंगी आहे, भूल नाही’ या वाक्यावर निश्चिंत होऊ नका. खोल गुंगीत जीभ मागे पडून श्वासमार्ग अडणं, ऑक्सिजन उतरणं हे सगळं होऊ शकतं. ते ओळखणारा आणि हाताळणारा माणूस तिथे आहे की नाही, यावर सुरक्षितता ठरते.

कोणकोणती औषधं देतात?

तोंडाने द्यायचं ट्रायक्लोफॉसचं सिरप आपल्याकडे फार चालतं, विशेषतः ईईजी (मेंदूतल्या विद्युत लहरींची नोंद) आणि कानाच्या तपासणीसाठी. मिडॅझोलमचा नाकात फवारा मारतात, त्याने भीती कमी होते, पण अर्धा-पाऊण तास निपचित पडून राहण्याइतकी झोप एकट्या मिडॅझोलमने क्वचितच लागते. डेक्समेडिटोमिडीन नाकात थेंब टाकून किंवा शिरेतून देतात. त्याने येणारी झोप नैसर्गिक झोपेच्या जवळची असते, श्वास फारसा मंदावत नाही, पण नाडी मंदावते. शिरेतून देतात ते दुधासारखं पांढरं औषध म्हणजे प्रोपोफॉल. देताना हातात क्षणभर चुरचुरतं, मूल लगेच झोपतं आणि औषध बंद केल्यावर लवकर उठतं. मात्र जास्त झालं तर श्वास थांबतो, म्हणून ते भूलतज्ज्ञांच्या हातातच शोभतं. सुईला फार घाबरणाऱ्या मुलाला आधी मास्कमधून सेव्होफ्लुरेन हा वायू देऊन झोपवतात आणि मग सुई लावतात.

डोस किलोवर ठरतो. मुलाचं वजन त्याच दिवशी काट्यावर करून घ्या, ‘असेल बारा-तेरा’ असं अंदाजाने सांगू नका.

दवाखाना लांब आहे. झोपेचं सिरप घरूनच पाजून आणलं तर चालेल?

नाही. कुणीही सांगितलं तरी नाही. घरी किंवा गाडीत दिलेल्या गुंगीच्या औषधाने मुलं दगावल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत. घडतं ते असं : मूल आईच्या मांडीवर झोपतं, मान छातीवर लोंबते, श्वासाची वाट दबते, आणि शांत झोपलंय असं सगळ्यांना वाटत राहतं. औषध तपासणीच्या जागीच द्यायचं, बोटाला पल्स ऑक्सिमीटर लावल्यावर.

पहिल्या डोसाने मूल झोपलं नाही म्हणून पालकच बाटलीतलं उरलेलं औषध पाजतात, हेही मी पाहिलं आहे. असं अजिबात करू नका. पहिला डोस पोटातून रक्तात उतरायला वेळ लागतो, आणि मग दोन्ही एकदम अंमल करतात.

स्कॅन चालू असताना माझ्या बाळाकडे कोण बघतं?

सगळ्या यादीतला हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे आणि तो विचारणारे पालक फार थोडे. स्कॅन ठरवतानाच शांतपणे, पण स्पष्ट विचारा : ‘यंत्र चालू असेल तेव्हा फक्त माझ्या मुलाच्या श्वासाकडे लक्ष ठेवणारी व्यक्ती कोण? तिला लहान मुलाचा श्वासमार्ग सांभाळता येतो का?’ यंत्र चालवणारे तंत्रज्ञ प्रतिमा बघत असतात, त्यांच्यावर हेही काम टाकता येत नाही. त्यासाठी वेगळा माणूस हवा, आणि खोल गुंगी किंवा पूर्ण भूल असेल तर तो भूलतज्ज्ञ असावा.

बोगद्यात गेलेलं मूल बाहेरून धड दिसत नाही. छाती हलतेय का, ओठ गुलाबी आहेत का, हे डोळ्यांनी तपासता येत नाही. म्हणून ऑक्सिजन, नाडी, रक्तदाब आणि दर श्वासागणिक बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणारी यंत्रं लागतात, तीही एमआरआय यंत्रातल्या चुंबकापाशी चालणारी. कार्बन डायऑक्साइडचा आलेख मला सर्वांत आधी जागं करतो. श्वास अडला की तो लगेच सपाट होतो, बोटावरचा ऑक्सिजनचा आकडा त्यानंतर काही वेळाने उतरायला लागतो. ऑक्सिजन, सक्शन (घशातला स्राव ओढून घेणारं यंत्र), मुलाच्या मापाचे मास्क आणि नळ्या हाताशी आहेत का, हेही विचारा. चांगल्या केंद्राला या प्रश्नांचा राग येत नाही. ‘आम्ही रोज करतो, काही होत नाही’ एवढंच उत्तर मिळालं, तर मी माझ्या नात्यातल्या मुलाला तिथे नेणार नाही.

उपाशी किती वेळ ठेवायचं? बाळ भुकेने रडतं, बघवत नाही.

सर्वसाधारण नियम असा आहे : पाणी किंवा आरपार दिसणारं पातळ पेय दोन तास आधीपर्यंत, आईचं दूध चार तास, वरचं दूध आणि हलकं खाणं सहा तास, तळलेलं-तुपकट जेवण आठ तास. पाण्यासाठी आता कित्येक ठिकाणी एकच तास पुरेसा मानतात. तुमच्या केंद्राने लिहून दिलेली वेळ पाळा.

साखरपाणी, शहाळ्याचं पाणी, गाळलेला सफरचंदाचा रस ही पातळ पेयं. चहा, ताक, भाताची पेज, नाचणीचं सत्त्व, डाळीचं पाणी यांतलं काहीही ‘पाणी’ नाही. सकाळची बाळगुटीसुद्धा खाण्यातच मोजायची. तिच्यात जायफळ उगाळलं असेल तर तेही सांगा, कारण जायफळाने गुंगी येते.

गरजेपेक्षा जास्त उपाशी ठेवणंही चूकच. रात्री आठला जेवलेलं मूल दुपारी एकपर्यंत पाण्याशिवाय ठेवलं तर ते सुकतं, शीर सापडत नाही, तान्ह्या बाळाची साखर उतरते. पाणी कधीपर्यंत चालेल ते नक्की विचारून ठेवा आणि त्या वेळेपर्यंत खरंच पाजा.

आता एक कळकळीची विनंती. प्रतीक्षा कक्षात मूल रडतं, आजीचा जीव तुटतो आणि पर्समधलं बिस्किट हळूच नातवाच्या हातात जातं. प्रेमच आहे ते. पण भुलीत घशाची राखण करणाऱ्या प्रतिक्रिया मंदावतात. पोटातलं वर आलं तर ते सरळ फुप्फुसात उतरतं. असं काही खाल्लं गेलं असेल तर लगेच सांगा. आम्ही रागावणार नाही, स्कॅन पुढे ढकलू. आजी-आजोबा बरोबर येणार असतील तर त्यांना घरीच हे कारणासकट समजावून सांगा.

फिटचं सकाळचं औषध द्यायचं की नाही?

द्यायचं, नेहमीच्या वेळेला, घोटभर पाण्याबरोबर. उपास आहे म्हणून डोस चुकला तर फिट येण्याची भीती जास्त. मूल कीटोजेनिक आहारावर (फिटसाठी दिलेला, भरपूर स्निग्ध आणि अगदी कमी साखर-पिष्टाचा आहार) असेल तर भूलतज्ज्ञांना आधीच कळवा. त्याला साखरपाणी, फळांचा रस किंवा साखरेचं सलाईन दिलं तर महिनोन्‌महिने सांभाळलेली आहाराची घडी मोडते.

सर्दी आहे, पण तारीख मोठ्या मुश्किलीने मिळाली आहे. काय करू?

नुसतं पाण्यासारखं नाक वाहत असेल आणि मूल खेळत-खात असेल, तर तपासून ठरवता येतं. ताप, कफाचा खोकला, छातीत घरघर असेल तर साधारण दोन ते चार आठवडे थांबणं बरं. सर्दीत श्वासमार्ग चिडचिडा झालेला असतो. भुलीत स्वरयंत्र एकदम आवळलं गेलं की हवा आतच जात नाही. तारखेसाठी खोकला लपवू नका. स्कॅन तातडीचा असेल तर धोका तोलून, तयारीनिशी पुढे जाता येतं, पण त्यासाठी आम्हाला खरं माहीत हवं.

भूलतज्ज्ञांना आणखी काय सांगायला विसरू नये?

मूल झोपेत घोरतं, तोंड उघडं टाकून झोपतं, मध्येच श्वास अडखळतो. हृदयाला छिद्र आहे किंवा होतं. दमा आहे. स्नायू कमजोर आहेत, उभं राहताना मांड्यांवर हात टेकून उठतं. घरात कुणाला भुलीत अचानक प्रचंड ताप चढला होता किंवा कुणी भुलीनंतर गेलं होतं. एखादा दात हलतोय. जुन्या भुलीचा कागद असेल तर तो बरोबर आणा.

सकाळी उठल्या उठल्या उलटी, वाढती डोकेदुखी, डोळे तिरळे होणं, सुस्ती, ही लक्षणं असतील तर ती आवर्जून सांगा. डोक्यात दाब वाढलेला असू शकतो. गुंगीत श्वास मंदावला की रक्तात कार्बन डायऑक्साइड साठतो, मेंदूच्या रक्तवाहिन्या फुगतात आणि दाब आणखी चढतो. अशा मुलाला नुसतं सिरप देऊन झोपवणं धोक्याचं. बहुधा आम्ही पूर्ण भूल देऊन श्वास आमच्या ताब्यात ठेवणं पसंत करतो.

करदोटा, वाळे, काळे मणी काढावेच लागतात का? बारशापासून अंगावर आहेत.

हो, सगळे. यंत्राचा चुंबक चोवीस तास चालू असतो, स्कॅन नसतानाही. १.५ टेस्लाच्या यंत्राची ताकद पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या जवळपास तीस हजार पट. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर हातात घेऊन आत गेलेला तरुण नातेवाईक यंत्राकडे खेचला गेला आणि त्यात त्याचा जीव गेला. सोनं-चांदी चुंबकाला चिकटत नाही हे ठीक, पण त्यात काय मिसळलंय ते कुणालाच ठाऊक नसतं, शिवाय धातू तापून त्वचा भाजू शकते आणि चित्रात काळा डाग पडतो.

मनगटातल्या बिंदल्या, पायातले वाळे, कानातलं, ताईत, झबल्याला लावलेली सेफ्टी पिन, चेन किंवा धातूचं बटण, केसांतली क्लिप हे सगळं घरीच उतरवून ठेवा. हात वाढून बिंदल्या घट्ट बसल्या असतील तर आदल्या दिवशी सोनाराकडे जा. स्कॅनच्या दाराशी साबण लावून बिंदल्या ओढत बसलं की मूल आधीच रडून लाल होतं. काजळ पुसा, कारण डोळ्यांभोवतीच्या काही सौंदर्यप्रसाधनांमुळे प्रतिमा बिघडते. नखांचं पॉलिश काढा, नाहीतर बोटावरचं मापक नीट वाचत नाही. कॉक्लिअर इम्प्लांट, पेसमेकर, शस्त्रक्रियेत बसवलेली पट्टी किंवा क्लिप असेल तर तिचं कार्ड दाखवा. शंटला बाहेरून जुळवता येणारा व्हॉल्व्ह असेल तर एमआरआयनंतर त्याचं सेटिंग पुन्हा तपासून घ्यावं लागतं.

भुलीने मुलाच्या मेंदूवर कायमचा परिणाम होतो का?

ही भीती हवेतून आलेली नाही. प्राण्यांच्या पिल्लांना तासन्‌तास भूल दिली तेव्हा त्यांच्या वाढत्या मेंदूतल्या पेशींवर परिणाम दिसला. त्याआधारे अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डिसेंबर २०१६ मध्ये इशारा दिला : तीन वर्षांखालच्या मुलांना तीन तासांहून जास्त किंवा पुन्हा पुन्हा दिलेली भूल मेंदूच्या वाढीवर परिणाम करू शकते.

मुलांवरचा सर्वांत भक्कम अभ्यास सात देशांत झाला. हर्नियाची शस्त्रक्रिया होणाऱ्या ७२२ तान्ह्या बाळांपैकी काहींना पूर्ण भूल आणि काहींना जागेपणी कमरेखालची भूल, अशी चिठ्ठी टाकावी तशी वाटणी केली. भुलीचा काळ साधारण तासाभराच्या आत होता. ही मुलं पाच वर्षांची झाल्यावर बुद्ध्यांक तपासला, तेव्हा दोन्ही गटांत फरक आढळला नाही. हे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. मेंदूचा एकच एमआरआय साधारण याच कालमर्यादेत बसतो.

वारंवार दिलेल्या भुलीबद्दल इतक्या ठामपणे बोलता येत नाही. म्हणून प्रत्येक भूल सार्थकी लावावी असं माझं मत आहे. पाठीतलं पाणी काढायचंय, रक्त घ्यायचंय, श्रवणाची तपासणी राहिलीय, तर ते त्याच भुलीत करता येईल का हे आधी विचारा. आणि हेही लक्षात घ्या की न सापडलेली गाठ आणि न थांबलेल्या फिट मेंदूचं नुकसान करतात, हे नक्की माहीत आहे.

मी आत येऊ शकते का?

झोप लागेपर्यंत बऱ्याच ठिकाणी आईला किंवा बाबांना थांबू देतात. मंगळसूत्र, बांगड्या, जोडवी, मोबाईल, घड्याळ बाहेर ठेवावं लागेल आणि गरोदर असाल तर आधी सांगावं लागेल. मास्कने झोपताना मूल हातपाय झाडतं, डोळे फिरवतं, घोरल्यासारखा आवाज करतं. बघणाऱ्याला धस्स होतं, पण ते अपेक्षित असतं. झोपलं की पापी घ्या आणि बाहेर या.

उठल्यावर मूल ओळखतच नव्हतं, किंचाळत होतं. काही बिघडलं का?

वायूच्या भुलीतून जागं होताना काही मुलं, विशेषतः दोन ते पाच वर्षांची, अशी बेभान होतात. आईलाच ढकलतात, पाठ ताठ करतात. बहुतेकदा दहा मिनिटं ते अर्ध्या तासात शांत होतात आणि त्यांना नंतर ते आठवतही नाही. दिवे मंद करा, कडेवर घ्या, हलक्या आवाजात बोलत राहा. ओरडून शुद्धीवर आणायचा प्रयत्न करू नका. एखादी उलटी झाली तरी घाबरू नका.

घरी कधी सोडतात? स्कूटरवरून नेलं तर?

मूल आपणहून जागं राहतंय, मान धरतंय, घोट-दोन घोट पाणी पचतंय असं दिसल्यावर. सिरपचा अंमल कित्येक तास रेंगाळतो, म्हणून उठून पुन्हा गाढ झोपणाऱ्या मुलाला घाईने नेऊ नका. दोघांच्या मध्ये पेंगणारं मूल घेऊन स्कूटरवर जाणं टाळा. रिक्षा किंवा गाडी करा आणि चालवणाऱ्याशिवाय आणखी एक मोठं माणूस मुलाच्या चेहऱ्याकडे बघत बसू द्या. त्या दिवशी सायकल, जिना, पाण्याचा हौद यांपासून लांब ठेवा. पूर्ण जागं झालं की अंगावर पाजायला हरकत नाही.

हाका मारूनही उठत नसेल, ओठ निळसर वाटत असतील, श्वास घेताना छाती आत ओढली जात असेल किंवा फिट आली, तर फोन करत बसू नका. १०८ ला बोलवा किंवा जवळच्या रुग्णालयात थेट जा. उलट्या थांबत नसतील किंवा ताप चढला, तर केंद्राला त्याच दिवशी कळवा.

खर्च परवडत नाही.

भुलीचं शुल्क स्कॅनच्या दरात बहुधा धरलेलं नसतं, आधी विचारून घ्या. सरकारी आणि पालिकेच्या मोठ्या रुग्णालयांत समाजसेवा अधीक्षक असतात, रेशनकार्ड आणि आधार घेऊन त्यांना भेटा. अंगणवाडीत किंवा शाळेत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्यांच्याकडूनही पुढे पाठवण्याची चिठ्ठी मिळू शकते. खर्च कमी करण्यासाठी भूलतज्ज्ञाशिवाय स्कॅन करणाऱ्या ठिकाणी मात्र जाऊ नका. भुलीसाठी महिनाभर रांगेत थांबायला लागलं आणि डॉक्टरांनी स्कॅन तातडीचा नाही असं सांगितलं असेल, तर थांबा.

सहा महिन्यांनी पुन्हा स्कॅन सांगितलाय. काय जपून ठेवू?

फिल्मबरोबर सीडी मागून घ्या, म्हणजे नव्या चित्रांशी तुलना करता येते. आणि भुलीचा कागद मागा. कोणतं औषध किती दिलं, झोपायला किती वेळ लागला, श्वासाचा त्रास झाला का, शीर कुठे सापडली, हे त्यावर असतं. बहुतेक फायलींत तो कागदच नसतो, कारण कुणी मागत नाही. पुढच्या भूलतज्ज्ञाला त्याचा फार उपयोग होतो.